पोत्यातलं अंगण

धुळाप्पा कुणाच्याही दारात गेला तरी कडी वाजवायचा नाही आणि हाकही मारायचा नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून तो उजवा पाय दोनदा आणि डावा एकदा असा काही आपटायचा, की फडताळातले पेले एकमेकांवर किणकिणायचे. मग पायाखालची जमीन काय म्हणते ते ऐकत असल्यासारखा खाली मान घालून उभा राहायचा. घरातून कुणीतरी घाबरून बाहेर येईपर्यंत त्याचं हे ऐकणं चालू असे.

माझी आणि त्याची पहिली गाठ अशीच पडली. सांगलीच्या एका शाळेत मी मराठीचा मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मूळचा वाईचा, वय तेवीस, लग्न झालेलं नाही, आणि अक्कल सगळ्या जगाला पुरून उरेल एवढी आहे असा पक्का समज. गावभागात एका सज्जन गृहस्थांच्या माडीवर मला खोली मिळाली होती. शाळेचा शिपाई हेडमास्तरांची चिठ्ठी घेऊन आला आणि त्याने माडीच्या फळ्यांवर ते तीन पाय दिले. खाली मालक जेवायला बसले होते. त्यांच्या आमटीत तुळईवरची, त्यांच्या वडिलांच्या वेळची धूळ पडली. ते उष्ट्या हातानेच जिन्यात आले आणि ओरडले, "कोण आहे तो?"

"धुळाप्पा," शिपाई नम्रपणे म्हणाला.

मालकांना वाटलं हा थट्टा करतोय. त्यांना शांत करता करता माझी पुरेवाट झाली. ते खाली गेल्यावर धुळाप्पाने चिठ्ठी माझ्या हातात दिली, फळ्यांकडे नापसंतीने पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमची माडी लय खोटं बोलती."

त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या जमिनी बोलत तरी होत्या किंवा मुक्या तरी होत्या. फळी खोटं बोलते, कारण मांजराने उडी मारली तरी ती हत्ती आला म्हणून सांगते. शेणानं सारवलेली जमीन हळू बोलते, पण खरं बोलते. मुरमाड जमिनीसारखी दुसरी बोलकी जमीन नाही. आणि सांगलीची काळी माती, जिच्यावर हळद पिकते, ऊस पिकतो, जिच्यामुळे अख्खं गाव गबर झालं, ती धुळाप्पाच्या मते ठार मुकी. "पाय दिला की गिळून टाकती. एक सबूद परत देत न्हाई," तो म्हणायचा.

मी एकदा चेष्टेने विचारलं, "मग शाळेची शहाबादी फरशी काय, बहिरी का?"

त्याचा चेहरा एकदम उतरला. "बहिरं वाईट नसतंय, मास्तर," तो म्हणाला. "मुकं वाईट." आणि झाडू उचलून निघून गेला. पुढे दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्याचा फारसा विचारही केला नाही.

धुळाप्पा जतेकडचा धनगर. पन्नाशीला आलेला, काडीसारखा ताठ, डोक्याला पटका, कपाळाला भंडारा. हळदीच्या एवढ्या मोठ्या पेठेत राहूनही भंडारा मात्र गावच्या बिरोबाच्या देवळातलाच लावायचा. एका दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा हा सांगलीला येऊन शाळेत चिकटला. पण मेंढरं गेली तरी गजी काही त्याला सोडून गेली नाही. गजी म्हणजे त्या लोकांचा नाच. मधे ढोल, भोवती पांढरे झगे घातलेल्या गड्यांचं रिंगण, दोन्ही हातांत रंगीत रुमाल. धुळाप्पा पाच वर्षांचा असताना बापाचा झगा धरून त्या रिंगणात शिरला होता, तो अजून बाहेर आला नव्हता. झाडू मारताना तो दोन पावलं पुढे, एक मागे असा जायचा. पाण्याची घागर डोक्यावर असली की तेवढा सरळ चालायचा, पण तेव्हाही हाताची बोटं रुमाल उडवायची.

शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तोही धुळाप्पाच्या हातात पडल्यावर सरळ कसा वाजेल? ढोलाच्या एकेका चालीला ते लोक 'घाई' म्हणतात. शाळा भरताना साधे टोल, मधल्या सुट्टीला टिपरी घाई आणि शाळा सुटताना थोरली घाई, असा त्याने नेम घालून ठेवला होता. थोरलीचे पहिले चार ठोके पडले की वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा असलेला मास्तर वळून बघेपर्यंत वर्ग रिकामा व्हायचा.

या घाईपायी शाळेची एकदा शोभा झाली. तपासणीचे साहेब सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधीच फाटकात उतरले. हेडमास्तर पगडी सावरत व्हरांड्यात धावत आले आणि ओरडले, "धुळाप्पा, घाई! घाई कर!"

"कंची?" धुळाप्पाने विचारलं.

"कंची म्हणजे काय? साहेब दारात आलेत! मोठी घाई आहे!"

"म्हंजी थोरली," असं म्हणून धुळाप्पाने हातोडा उचलला आणि थोरली घाई वाजवली. चारशे पोरं दप्तरं घेऊन फाटकाकडे सुटली. साहेब फाटकातच होते. गर्दी ओसरल्यावर त्यांची टोपी हौदाजवळ सापडली. हेडमास्तरांनी त्या दिवसापासून 'घाई' हा शब्द टाकला. ते 'त्वरा करा' म्हणू लागले.

पावलांवरून माणूस ओळखण्याचाही धुळाप्पाला नाद होता. शाळेतल्या प्रत्येक मास्तराच्या पायाविषयी त्याचं ठाम मत असे आणि ते तो विचारल्याशिवाय सांगे. "शास्त्रीबोवांचा पाय जिमिनीला इचारून पडतोय. ड्राइंग मास्तर पाय टाकत न्हाईत, सांडत्यात." हेडमास्तरांविषयी तो आवाज खाली आणून म्हणायचा, "त्यांचा नुसता जोडा चालतोय बगा. पाय आत झोपलाय."

"आणि माझा?" मी विचारलं.

"तुमचा डावा पाय लाजतोय, मास्तर."

मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत डाव्या पायाकडे बघत चाललो आणि एका सायकलवाल्याच्या अंगावर गेलो.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्याचं पोतं. दर वर्षी बिरोबाच्या जत्रेला तो आठ दिवस रजा घेई. रजेच्या अर्जात कारण म्हणून 'नाचनेस जाने आहे' असं स्पष्ट लिहून देई. माणसं गावाकडून शेंगा आणतात, हुलगे आणतात, फारच झालं तर तुपाची बरणी आणतात. धुळाप्पा परत येताना एक पोतं मुरूम आणायचा. साधा, तांबूस, खडबडीत मुरूम.

एका वर्षी परीक्षेच्या कामासाठी मी जतेला गेलो होतो आणि परतीला आम्ही एकाच मोटारीत होतो. लढाईचे दिवस. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायच्या. ड्रायव्हरने टपावरच्या पोत्याला हात लावला आणि विचारलं, "काय हाय रं ह्यात? लोखंड घेटलंस का काय?"

"अंगन हाय," धुळाप्पा म्हणाला.

"काय हाय?"

"अंगन. घरापुढलं."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मिरजेपर्यंत तीन चढ लागले आणि तिन्ही चढांवर मी, एक वकील आणि एक वाणी असे मिळून धुळाप्पाचं अंगण ढकलत होतो. वकिलांनी त्याला वेड्यात काढलं. मीही हसलो, कारण मलाही ते वेडच वाटत होतं.

लढाई संपली आणि दुसऱ्या वर्षी शाळेचा रौप्यमहोत्सव आला. हेडमास्तरांनी त्याचा ध्यास घेतला होता. मुंबईचे एक विद्वान पाहुणे ठरले, आणि मैदानात फळ्यांचं एक उंच स्टेज उभं राहिलं. त्याचा नकाशा हेडमास्तरांनी स्वतः काढला होता. सुतार नको नको म्हणत असताना त्यांनी स्वतःच्या हाताने चार खिळेही ठोकले होते. करमणुकीचा कार्यक्रम माझ्याकडे आला. मी म्हटलं, आपल्या धुळाप्पाची गजी ठेवू. हेडमास्तर जरा कुरकुरले, पण हो म्हणाले.

धुळाप्पाला सांगितलं तेव्हा त्याने डोक्यावरची घागर खाली ठेवली. मग डोळे पुसून म्हणाला, "आमची गजी? साळंत?" गावाहून वीस-बावीस गडी आणि दोन ढोल येण्याचं ठरलं. कापड कंट्रोलवर असल्यामुळे नवे झगे शक्य नव्हते. जुन्यांनाच ठिगळं लावून, नीळ घालून तयार करा असा निरोप गेला. कार्यक्रमपत्रिका छापून आल्या. त्यात शास्त्रीबोवांच्या संस्कृत स्वागतपद्याखाली ठळक अक्षरांत 'गजीनृत्य' छापलं होतं.

मग चार-पाच दिवस उरले असताना धुळाप्पाने मला विचारलं, "नाचायचं कुटं, मास्तर?"

"कुठं म्हणजे? स्टेजवर."

"फळीवर?" त्याने हातातला झाडू खाली ठेवला. "फळीवर न्हाई."

मी समजावलं. रागावलो. पत्रिका दाखवल्या. त्याचं एकच पालुपद, "फळीवर न्हाई." शेवटी प्रकरण हेडमास्तरांपुढे गेलं. आपल्या स्टेजला एक शिपाई नावं ठेवतो हे ऐकून त्यांची पगडी थरथरू लागली.

"नाचता येईना अंगण वाकडं!" ते गरजले.

धुळाप्पाने ती म्हण अगदी मनावर घेतली. थोडा विचार करून तो गंभीरपणे म्हणाला, "वाकडं चालंल, साहेब. मुकं नगं. आन् खोटं तर न्हाईच न्हाई."

"मग नाच रद्द! आणि उद्धटपणा करायचा तर नोकरीचाही विचार कर."

धुळाप्पाने खिशातून घंटेचा हातोडा काढला, हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि वाकून नमस्कार करून निघून गेला. तो बाहेर पडताना फरशीवर त्याच्या पायांचा आवाजसुद्धा झाला नाही. त्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा ड्रॉइंग मास्तरांनी वाजवली. कुणाला ती घंटा वाटलीच नाही. पोरं सव्वा पाचपर्यंत वर्गात बसून होती.

मला धुळाप्पाचा भयंकर राग आला होता. माझा कार्यक्रम बुडत होता ना! रविवारी सकाळी मी त्याला खडसवायला त्याच्या घरी निघालो. हरिपूरच्या वाटेला, हळदीच्या पेवांच्या अलीकडे, त्याचं छप्पर होतं. आजूबाजूला सगळी काळीभोर जमीन. आणि त्या काळ्या जमिनीत, छपरापुढे, खाटेएवढाले चार तुकडे जोडावेत एवढा एक तांबडा चौकोन. चोपून चोपून घट्ट केलेला मुरूम. वर्षाला एक पोतं, या हिशेबाने तो किती वर्षांचा असेल हे मी उभ्या उभ्या मनात मोजलं आणि माझा राग थोडा पातळ झाला.

दाराशी माझ्याकडे पाठ करून एक बाई चातीवर लोकर कातत बसली होती. "धुळाप्पा आहेत का?" मी विचारलं. तिने मान वळवली नाही. मी पुन्हा विचारलं. खाकरलो. अंगणात इकडून तिकडे दोन फेऱ्या घातल्या. चाती गरगरतच होती. शिपाई तसा, शिपायाची बायकोही तशी, असं मी मनात म्हणतोय तोवर मागून धुळाप्पा आला, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन. मला बघून तो थांबला. मग त्याने मुरमावर उजवा पाय दोनदा आणि डावा एकदा आपटला.

बाई झटकन वळली. तोंडभर हसली. "आलासा व्हय?" ती मोठ्या आवाजात म्हणाली. "मगाधरनं कोन तरी अंगनात घुटमळतंय बगा. पाय वळकीचा न्हाई म्हनून म्या वळले न्हाई. डावा पाय लाजतोय त्येचा."

मी आहे तिथे उभा राहिलो. लाजायला आता डावा-उजवा दोन्ही पाय पुरेनात.

"बायजा. आमची कारभारीन," धुळाप्पा म्हणाला. "तिला ऐकू येत न्हाई, मास्तर. मानमोडीच्या तापात कान गेलं."

घागर उतरवून तो माझ्याजवळ बसला आणि हळूहळू सांगू लागला. पहिल्या लढाईच्या अखेरीस मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली तेव्हा दोघांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायजाने त्याला पसंत केलं होतं ते जत्रेत, त्याचा नाच बघून. ताप उतरला, जीव वाचला, पण तिला काहीच ऐकू येईना. ती कुणाशी बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. धुळाप्पाला काय करावं सुचेना. "मला दुसरं येतंय काय, मास्तर? म्या अंगनात जाऊन नाचाय लागलो. येड्यावानी. ढोल न्हाई, काय न्हाई. तर हिनं पडल्या पडल्या हात भुईवर ठिवला. वाईच थांबली. आन् म्हनली, 'ही थोरली घाई. चौथ्या फेऱ्याला तुमचा पाय चुकला.'"

त्याने पटक्याच्या शेवाने नाक पुसलं. "खरंच चुकला हुता वो."

तेव्हापासून ती प्रत्येक जत्रेत रिंगणाच्या कडेला हात भुईला टेकून बसते आणि नाच संपला की बोटं वर करते. जितकी बोटं, तितक्या चुका. जत्रा झाली की ती चार दिवस माहेरी थांबते, म्हणून त्या मोटारीत ती मला दिसली नव्हती. सांगलीला आल्यावर पहिल्या दिवशी त्याने दारात पाय आपटले तर तिला कळलंच नाही. माती मुकी. ती पाठमोरी स्वैपाक करत राहिली, आणि हा आत गेला तेव्हा दचकून तिच्या हातातली परात पडली. म्हणून मग पोतं.

"फळीवर नाचलो तर समद्या सांगलीला ऐकू जाईल," धुळाप्पा म्हणाला. "पर ती खाली बसनार. तिला काय कळनार? तवाधरनं तिच्याबिगर म्या कवा नाचलो न्हाई. तुमीच सांगा, कुनासाठी नाचू?"

बायजाने मला गुळाचा चहा दिला. तो पिऊन मी तडक हेडमास्तरांच्या घरी गेलो आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. हेडमास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. एखादी चौकशी करावी तसं कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, "आपलं मैदान कोणत्या मातीचं आहे?"

"काळ्या."

"म्हणजे मुक्या," हेडमास्तर म्हणाले. "मग मुरूम लागेल. धुळाप्पाला बोलवा. त्वरा करा." जरा थांबून त्यांनी दुरुस्ती केली. "घाई करा."

दुसऱ्या दिवशी मिरजेकडून मुरमाच्या सहा बैलगाड्या शाळेच्या फाटकात उभ्या राहिल्या. स्टेजच्या समोर मुरूम पसरला, पाणी शिंपडलं. पण चोपायला शाळेत धुम्मस एकच, आणि दिवस उरलेले तीन. धुळाप्पाने चारशे पोरांची चार रिंगणं केली, हातोडा घेऊन रुळाजवळ उभा राहिला आणि टिपरी घाई सुरू केली. तीन दिवस आमची शाळा नाचत होती. भूगोलाच्या तासाला पाचवी नाचली, गणिताच्या तासाला सातवी नाचली. ड्रॉइंग मास्तर सांडत सांडत का होईना नाचले. शास्त्रीबोवा आधी सोवळ्याची अडचण सांगत कडेला उभे होते. मग त्यांनी धोतराचा काचा मारला आणि जमिनीला न विचारता धाडधाड पाय टाकत रिंगणात शिरले. माझ्या डाव्या पायाने त्या तीन दिवसांत लाज सोडली ती कायमची. तिसऱ्या दिवशी धुळाप्पाने मुरमावर ते ओळखीचे तीन पाय दिले, मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "बोलाय लागली."

समारंभाच्या दिवशी विद्वान पाहुण्यांनी स्टेजवरून दीड तास भाषण केलं. मधेच ते आवेशात आले आणि त्यांनी पाय आपटला, तेव्हा फळ्या एवढ्या कडाडल्या की पहिल्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. धुळाप्पाने माझ्याकडे पाहून मान हलवली. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

मग ढोल उठले. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी झाली, भंडारा उधळला गेला, आणि ठिगळांचे झगे मुरमावर फिरू लागले. मी आजवर पुष्कळ नाटकं, मेळे पाहिले. पण त्या दुपारी जे पाहिलं त्याला तोड नाही. वाकायचे तर बावीसही गडी एकदम वाकायचे, उठायचे तर एकदम उठायचे, आणि रुमालांचा पिवळा-तांबडा लोट वर जायचा. सगळ्यात पुढे धुळाप्पा. तो पन्नाशीचा आहे हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. रिंगणाच्या कडेला पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. त्यांच्याही पुढे, हेडमास्तरांनी आग्रहाने बसवल्यामुळे, बायजा मुरमावर बसली होती. दोन्ही तळहात भुईला टेकलेले, डोळे मिटलेले. सगळी सांगली नाच बघत होती आणि ती एकटी तो ऐकत होती.

नाच संपला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे उभे राहिले. धुळाप्पाचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. तो धापा टाकत बायजाकडे बघत होता. तिने डोळे उघडले, थोडा विचार केला आणि एक बोट वर केलं.

धुळाप्पा लहान पोरासारखा हसला. "एकच!" तो ओरडला. "मास्तर, एकच!"

गर्दी पांगू लागली तेव्हा हेडमास्तर बायजाकडे गेले. त्यांना तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. ती पाठमोरी बसून पदराला लागलेला भंडारा झटकत होती. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं. ते अवघडून उभे राहिले. इकडे तिकडे पाहिलं. मी बघतोय हे त्यांना दिसलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी खाली वाकून पायातले पंपशू काढले, बाजूला नीट जोडीने ठेवले, एका हाताने पगडी धरली, आणि अनवाणी उजवा पाय मुरमावर दोनदा आपटला. मग डावा एकदा.

बायजा वळली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने वर पाहिलं.

"या की, गुरुजी," ती म्हणाली. "ह्यो पाय आजवर कवा आला न्हाई आमच्याकडं. पर खरं बोलतोय."